कानांनी निवडलेलं घर

घर कसं निवडावं हे लोकांनी माझ्याकडून शिकावं, असं मी परवापरवापर्यंत म्हणत असे. लोक घर बघायला जातात तेव्हा नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात, ऊन कुठून येतं ते विचारतात. मी काय केलं? रिकाम्या हॉलच्या मधोमध उभा राहिलो, डोळे मिटले आणि ऐकलं!

"साहेब, चक्कर आली का?" दलालाने घाबरून विचारलं.

"शू!" मी म्हणालो.

काहीही ऐकू येत नव्हतं. अगदी काहीही! गाडी नाही, भोंगा नाही, माणूस नाही. नाही म्हणायला माझ्या मनगटावरचं घड्याळ तेवढं टिकटिकत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या तिथे घर पक्कं केलं. ते घर माझ्या ऑफिसपासून बसने इतकं लांब होतं की वाटेत एक झोप पुरी होऊन दुसरी सुरू व्हायची. हा मुद्दा मी तेव्हा मनावर घेतला नाही.

माझी बाजू समजायची तर आमचं जुनं घर समजायला हवं. भर शहरात, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि बरोबर आमच्या पायांखाली पत्र्याच्या पेट्या बनवण्याचा कारखाना. सकाळी शटर वर गेलं की हातोडे सुरू! कपबशा आपोआप फडताळाच्या कडेला येत. आम्ही घरातली माणसं दोन घावांच्या मधल्या फटीत बोलायला शिकलो होतो, आणि तेही ओरडून. "मला! आज! उशीर! होईल!" हे आमचं साधं बोलणं. कारखान्याला सुटी असली तरी आम्ही तसंच बोलत असू, कारण दुसरं बोलणं आम्हाला येतच नव्हतं.

हा कारखाना होता पत्रेवाले काकांचा. माझे वडील, म्हणजे आप्पा, निवृत्त झाल्यापासून रोज खाली जाऊन एका पालथ्या पेटीवर बसत आणि काकांशी जगातल्या यच्चयावत विषयांवर वाद घालत. जेवायला वर येत, ते वाद तोंडात अर्धा ठेवूनच. मी घर घेतल्याची बातमी दिली तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"तिथे! खाली! कोण आहे?"

"कोणी नाही आप्पा! तळमजलाच आपला! पुढे बाग!"

"मग! बोलायचं! कोणाशी?"

मी हसलो. म्हटलं, म्हातारा माणूस, होईल सवय.

सामान हललं. पहिल्याच सकाळी बायकोने नव्या स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो! चहा! झाला!" आणि समोरच्या घरातला एक गृहस्थ दचकून स्वतःच्या गेटपर्यंत आला. आम्हाला वाटलं, ओळख करून घ्यायला आला असेल. आम्ही हात हलवला. तो आत पळाला.

दुपारी बायको खिडकीशी उभी राहून म्हणाली, "शेजारच्या बाईंचे पडदे बघितलेत का? नुसता तंबू!" दुसऱ्या दिवशी शेजारी नवे पडदे! फिकट निळे, झुळझुळीत. आम्हाला योगायोगाचं कौतुक वाटलं. मग आमची कन्या, जिला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती कधीच गप्प नसते, ती म्हणाली, "आई, ह्यापेक्षा तो तंबू बरा होता!" तिसऱ्या दिवशी तंबू परत!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा शब्दन् शब्द गल्लीला ऐकू जात होता!

त्या शेजारच्या बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या. त्या रविवारी स्वतःच आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि इतक्या हळू बोलायला लागल्या की आम्ही तिघंही पुढे वाकलो.

"विचारू नये, पण... घरात काही ताण आहे का? सकाळी तुम्ही टॉवेलवरून फार चिडला होता."

"चिडलो नव्हतो हो! टॉवेल मागत होतो!"

"आणि परवा तुम्ही मुलीला घराबाहेर काढलंत."

"तिची बस चुकत होती!"

ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या ओठांकडे बोट दाखवून त्यांना गप्प केलेली बाई ती, पण आमच्यापुढे तिचंही बोट उठेना. मी शरमेने अर्धा झालो. शांतता शोधत मी इथवर आलो, आणि ह्या गल्लीतला एकुलता एक गोंगाट म्हणजे मीच!

त्याच दिवशी मी फर्मान काढलं. आजपासून घरात कुजबुजत बोलायचं! हाक मारायची नाही, त्या माणसापर्यंत चालत जायचं. दार आपटायचं नाही, हळूच टेकवायचं. बायकोने आणि चिमणीने माना डोलावल्या.

"आणि आप्पांना?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"त्यांना कशाला सांगायचं?" मीही कुजबुजलो. "त्यांना वाईट वाटेल. तसेही ते इथे आल्यापासून कमीच बोलतात."

हे वाक्य मला आजही आठवतं आणि स्वतःला चार शब्द सुनावावेसे वाटतात. हळू आवाजात का होईना.

आठवडाभरात आम्ही तयार झालो. बायको आणि मी जेवताना ओठांनीच भाजीचं मीठ कळवत असू. चिमणी तर भुवयांनी पूर्ण वाक्यं बोलायला लागली. मधूनच आप्पा विचारत, "काय म्हणालास?" आणि एवढं सगळं पुन्हा मोठ्याने कशाला सांगायचं, म्हणून मी हात हलवून म्हणे, "काही नाही." ते पुन्हा ताटात बघत. काही दिवसांनी त्यांनी विचारणंच बंद केलं. मी बायकोला मोठ्या अभिमानाने म्हणालो, "बघ! आप्पांनाही शांतता मानवली!"

मग आप्पांनी वस्तू वाटायला सुरुवात केली. चिमणीला मनगटी घड्याळ दिलं. बायकोला त्यांचा आवडता पितळी कंदील दिला. मला छत्री दिली. ह्या छत्रीला त्यांनी मला लहानपणी हातसुद्धा लावू दिला नव्हता! मी म्हटलं, जागा कमी करत असतील. नव्या घरात माणूस आवराआवर करतोच.

आम्ही दिवसभर बाहेर असायचो. त्या वेळात कुंपणापाशी काय घडलं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. एवढंच झालं की एका रविवारी बेल वाजली आणि दारात ग्रंथपालबाई, हातात फुलं. मागे समोरचा तो दचकणारा गृहस्थ, हातात फळांची पिशवी. त्याच्या मागे आणखी एक जोडपं. सगळे पायांचा आवाज न करता आत आले आणि हॉलमध्ये रांगेत बसले. कोणीच बोलेना. माझी छाती फुगली! माझ्या मेहनतीचा गल्लीने जाहीर सत्कारच मांडला होता.

"बघताय ना?" मी अदबीने कुजबुजलो. "घर आता किती शांत झालंय!"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सुरुवातीला जड गेलं. पण होते सवय. अजून थोडे दिवस कळ काढा, मग आवाज म्हणून राहणार नाही."

ग्रंथपालबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "फारच घट्ट मन तुमचं," त्या म्हणाल्या. दचकणारा गृहस्थ तर माझ्याकडे वळून बघायलाही तयार नव्हता.

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. आप्पा! अंगात इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, हातात पत्रेवाले काकांनी निघताना दिलेली पत्र्याची पेटी.

"आलात! सगळे! बरं झालं!" आप्पा गरजले. खिडकीची काच थरथरली. "मी! निघतोय! उरलेले दिवस! मला! पत्रेवाल्याकडे! काढायचेत!"

"कसले उरलेले दिवस?" मी कुजबुजलो. इतक्या दिवसांची सवय! मोठा आवाज घशातून बाहेरच येईना.

"बघा! कुंपणापाशी! सांगितलं ना! अजून! लपवतोय!" आप्पा पाहुण्यांना म्हणाले. "तीन आठवडे! कोपऱ्यात! कुजबुज! मी आलो! की गप्प! विचारलं! की 'काही नाही'! मला काय! कळत नाही? घर हलवायच्या आधी! रक्त तपासलं होतं माझं! तेव्हाच! डॉक्टरने! काहीतरी! सांगितलं असणार!"

माझ्या डोळ्यांपुढे छत्री, घड्याळ आणि कंदील ओळीने फिरले.

"आप्पा, ती नेहमीची तपासणी होती. तुम्ही ठणठणीत आहात," मी त्यांचा हात धरून म्हणालो.

"काय! म्हणतोस?"

मी पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. शाळेत फळ्यावरचं न दिसणारं मूल बघतं तसं. आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्यांना माझं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझा आवाजच फुटेना. शेवटी चिमणी सोफ्यावर चढली आणि जुन्या घरातल्या आवाजात, जणू खाली हातोडे पडताहेत अशी, ओरडली.

"आप्पा! तुम्हाला! काहीही! झालेलं! नाही!"

ते सगळ्या गल्लीने ऐकलं. कुठेतरी कुत्रं भुंकलं. आप्पांनी पेटी खाली ठेवली. आनंदाने उडी मारतील असं मला वाटलं होतं. पण ते हळूहळू खुर्चीत बसले आणि आल्यापासून पहिल्यांदाच अगदी खालच्या आवाजात बोलले.

"मग इतके दिवस माझ्याशी कोणी बोलत का नव्हतं?"

पाहुणे फळं तिथेच ठेवून, आले तसे पाय न वाजवता गेले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे बरंच जुनं आहे. इतकी वर्षं घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

कसं येणार? आमच्या घरात कोणी हळू बोललंच नव्हतं! आप्पांचे कान कधीचे गेले होते, आणि त्या गोंगाटाने ते आमच्यापासून, खुद्द आप्पांपासूनही, झाकून ठेवलं होतं. ज्या हातोड्यांना मी उठताबसता शिव्या घातल्या, ते माझ्या वडिलांना सांभाळून घेत होते.

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. आप्पांनी ते दोन दिवस लावलं. त्यात त्यांना फ्रिज ऐकू येई, स्वतःचं चावणं ऐकू येई आणि ग्रंथपालबाईंचे पडदे सरकलेले ऐकू येत. "फार गोंगाट आहे इथे," असं म्हणून त्यांनी यंत्र पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं.

आता ते रोज सकाळी माझ्याबरोबर बसने शहरात येतात. कारखान्यापाशी उतरतात, मी पुढे ऑफिसला जातो. बायकोचा शिवणवर्ग अजून जुन्या गल्लीतच आहे. चिमणीची शाळा तिकडेच. आम्ही चौघं एकाच बसने जातो, एकाच बसने जांभया देत परततो. जुन्या घरात मालकाने दुसरं कुटुंब ठेवलंय, तेव्हा परतीची वाट बंद. पण मी शांततेसाठी घेतलेलं घर मात्र शब्दाला जागलं आहे. दिवसभर तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. फक्त ऐकायला कोणी नसतं!

परवा ऑफिस लवकर सुटलं, म्हणून आप्पांना घ्यायला कारखान्यात गेलो. शटर अर्धं खाली होतं. आत हातोडे पडत होते. आप्पा त्यांच्या पालथ्या पेटीवर बसले होते, पत्रेवाले काका त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडत होते आणि दोघंही मांड्यांवर थापा मारून हसत होते. इतक्या दिवसांत आप्पांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभा राहिलो, कान टवकारले. मला एक अक्षर ऐकू येईना! माझी सवय गेली होती.

आप्पांनी मला पाहिलं. माझ्याकडे बोट दाखवून ते काकांना काहीतरी म्हणाले. दोघं पुन्हा हसले.

"काय म्हणालात?" मी पुढे होऊन विचारलं.

आप्पांनी हात हलवला.

"काही नाही!"