भोरड्यांची साक्ष

बोरोकाचं पत्र आलं तेव्हा चेरीची झाडं फुलली होती. आता द्राक्षं उतरायला आली, तरी अंब्रुशमामांनी तिला उत्तर दिलं नव्हतं.

भाचीच्या नवऱ्याने, वेन्त्सेलने, गॅरेजमधली नोकरी सोडली होती. "मामा, हा दिवसभर सोफ्यावर लोळतो," तिने लिहिलं होतं, "आणि म्हणतो, पाखरं पेरत नाहीत की कापत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो, येशूनेच सांगितलंय. मी त्याला बायबलातलं संत पौलाचं पत्र दाखवलं. ज्याला काम नको, त्याने जेवूही नये! आता तुम्ही सांगाल ते खरं. तोवर ह्याचं रात्रीचं जेवण बंद."

मामा गावच्या वाचनालयातून निवृत्त झालेले. त्यांनी बायबलवरची घरातली सगळी भाष्यं उपसली, आणि जितकं वाचलं तितक्या शंका वाढल्या. पौलाची बाजू घ्यावी तर येशूला खोटं पाडल्यासारखं. येशूची घ्यावी तर भाचीचा संसार सोफ्यावर. तिकडे तो पोरगा उपाशी झोपत असेल, या विचाराने त्यांना घास गोड लागेना. मग ते आणखी एक भाष्य काढत.

अशात त्यांची धाकटी बहीण पिरोश्का, म्हणजे बोरोकाची आई, दारात उभी राहिली.

"दादा, शनिवारी द्राक्षं उतरवायची. तोवर भोरड्यांचे थवे हाकायला माणूस नाही. तू बस मळ्यात."

"मला जमेल का गं?"

"लाकडी खुळखुळा गरगर फिरवायचा, कडकडाटाने उडतात त्या, त्यात काय जमायचंय? पुस्तक ने हवं तर. फक्त विहिरीकडची ओळ सांभाळ. नाताळची वाइन तिचीच असते."

मामा खुळखुळा, बायबल आणि बोरोकाचं पत्र घेऊन मळ्यात बसले. थोड्या वेळाने भोरड्यांचा काळा ढग विहिरीकडच्या ओळीवर उतरला. मामांनी खुळखुळा उचलला आणि थबकले. पाखरांकडे पाहा, असं येशूने म्हटलं होतं. एवढ्या भाष्यकारांपैकी एकाने तरी पाहिलं होतं का? पुरावा उडून जाऊ नये म्हणून त्यांनी खुळखुळा अलगद गवतावर ठेवला.

आणि काय राबत होत्या त्या! गप्पा नाहीत, दुपारची झोप नाही, एका घडावरून दुसऱ्या घडावर. लोळणारी भोरडी औषधाला सापडेना. पिरोश्का येईपर्यंत मामा आनंदाने टिपणं काढत राहिले.

"दादा! हे काय?"

"पिरोश्का, सापडलं! पाखरं कष्ट करतात गं!"

"दिसतंय ना! अख्खी ओळ साफ केली मेल्यांनी! आणि तू काय करत होतास?"

"पाहत होतो. येशू म्हणतो, पाखरांकडे पाहा..."

"पाहा म्हणाला ना? पंगत वाढ म्हणाला का?"

मामांनी ओळीकडे पाहिलं. नुसते देठ उरले होते.

संध्याकाळी ते बहिणीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच अडले. "मी जेवत नाही. पौलाच्या हिशेबाने आज माझा हक्क नाही."

"माझ्या स्वयंपाकघरात पौलाला कोण विचारतं? बस खाली. सूप निवतंय."

घेवड्याचं सूप होतं, वर लाल मिरचीचा तवंग. मामा खाली मान घालून जेवले. वाडगा रिकामा होताच तिने न विचारता पुन्हा भरला.

"आणि नाताळची वाइन?"

"उरलेल्या ओळींची पिऊ. आंबट होईल. तुझ्या पेल्यात जास्त ओतेन!"

त्याच टेबलावर मामांनी कागद मागितला.

"बोरोका, पौलाचं खरं आहे. आज मी काम केलं नाही, आणि मला जेवायची लाज वाटली. येशूचंही खरं आहे. तुझ्या आईने तरीही वाढलं, दोनदा. वेन्त्सेलला जेवू घाल, लाज मागून येईल. नाहीच आली, तर शनिवारी इकडे पाठव. ता. क. पाखरं लोळत नाहीत. मी स्वतः पाहिलंय."

सकाळी मळ्यात जाताना ते टपालपेटीशी थांबले. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात खुळखुळा. पत्र पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि शंका आली. 'लाज मागून येईल' हे जरा जास्त ठामपणे लिहिलं का? 'येईल बहुधा' असं हवं होतं? पत्र मागे ओढायला त्यांनी खुळखुळ्याचाच हात झटकन पुढे केला. खुळखुळा कडाडला. तारेवरच्या भोरड्या भर्रकन उडाल्या, मामा दचकले, आणि पत्र पेटीत पडलं.