घर्षण प्रतिबंधक उपसमिती

“बाबा, आपली गाडी चालते का?”

प्रश्न भिंगरीचा नव्हता. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती, की हिंमत असेल तर घरी कोणीतरी आलेलं असताना हे विचारून दाखव. पैजेला नाही म्हणणं भिंगरीच्या रक्तातच नव्हतं. पायाला भिंगरी लावून जन्माला आली म्हणून पडलेलं नाव, आणि अडथळ्यांच्या शर्यतीत शाळेत पहिली येऊन तिने ते सार्थही केलं होतं. त्यात तिचा स्वतःचाही मतलब होता. रविवारी सकाळी सातला, चाळीस किलोमीटरवरच्या मैदानावर निवड चाचणी होती. त्या वेळेला तिकडे बस जात नव्हती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. आणि गाडी आल्यापासून आईबाबांनी तिला धावताना एकदाही पाहिलं नव्हतं, कारण शर्यती सुट्टीच्या दिवशी असतात आणि सुट्टीचा दिवस गाडीच्या तपासणीचा असतो.

समोर सोसायटीचे सेक्रेटरी बसले होते. बाबांनी कप खाली ठेवला.

“चालणं हा गाडीचा एक उपयोग आहे,” ते म्हणाले. “एकमेव नाही.”

सेक्रेटरींनी मान डोलावली. ही घरातली बाब राहिली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

गाडी अकरा महिन्यांपूर्वी आली. गडद निळी, आणि इतकी चकचकीत की बाबा तिच्यात बघून दाढी करू शकले असते. एकदा केलीही. रोज सकाळी ते आपल्या सर्वांत मऊ, जुन्या बनियनने तिला कोरडी पुसायचे. गोल गोल, हलक्या हाताने, बाळाला न्हाऊमाखू घालावं तसं. पंधराव्या दिवशी पॉलिशवाला आला आणि त्याने बॉनेटवर टॉर्च मारला. निळ्या रंगात केसाएवढ्या रेघांचं कोळ्याचं जाळं लखलखलं.

“हे कोणी केलं?” बाबांनी विचारलं.

“रोज पुसतं कोण?” पॉलिशवाल्याने विचारलं.

बाबांनी हातातलं बनियन पाठीमागे लपवलं.

“धूळ म्हणजे बारीक दगडच की हो साहेब. कोरड्या कापडाने तुम्ही तेच दगड रोज फिरवत होता. आधी पाणी मारा, धूळ वाहू द्या. मग शाम्पू, दोन बादल्या, मायक्रोफायबरचं फडकं, आणि हात सरळ रेषेत. तरी बारीक रेघा थोड्याफार पडणारच. वापरायची वस्तू आहे.”

बाबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटची दोन वाक्यं सोडून.

बाबा नोंदणी कार्यालयात मुख्य कारकून. एकदा घडलं ते त्यांच्या लेखी घटना, दोनदा घडलं की रजिस्टर. ‘ओरखडा नोंदवही’ उघडली गेली. रकाने चार : दिनांक, लांबी, दिशा, संशयित. आईने या खुळाला कडाडून विरोध केला, तो पहिले दहा दिवस. अकराव्या दिवशी संशयिताच्या रकान्यात तिचंच नाव आलं. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आपलं निर्दोषत्व सिद्ध करायला तिने तिथून एक जाड भिंग आणलं, आणि त्या भिंगातून तिला असे सतरा ओरखडे सापडले जे बाबांनाही दिसले नव्हते. त्या दिवसापासून घरात मतभेद असा उरला नाही.

पुढचं सगळं नियमाने होत गेलं. हातातून निसटून जमिनीला टेकलेलं फडकं बाद ठरलं. त्याचा रीतसर पंचनामा झाला, आणि शेजारच्या काकूंनी पंच म्हणून सही केली. मग लक्षात आलं, की सगळ्यात जास्त रेघा धुताना पडतात. म्हणून धुणं बंद. न धुतल्याने धूळ बसली, आणि धुळीला हात लावणं म्हणजे ओरखडा, म्हणून गाडीवर कव्हर आलं. कव्हर वाऱ्याने हलून रंगावर घासायला लागलं, म्हणून कव्हर गाडीला टेकू नये यासाठी वरून सांगाडा उभारला. आता कव्हर सांगाड्यावर होतं आणि गाडी त्याखाली, तंबूतल्या राणीसारखी. दाराच्या मुठीमागच्या खोलगट जागेत नखांच्या रेघा आढळल्यावर दारं उघडणंही थांबलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाक मोत्याच्या परवानगीने श्वास घेत होतं.

तेवढ्यात सोसायटीनेही दखल घेतली. पार्किंगमधून जाणाऱ्यांचे पट्टे, घड्याळं, किल्ल्या हा सार्वजनिक धोका असल्याचं ठरून ‘घर्षण प्रतिबंधक उपसमिती’ स्थापन झाली. गाडीपासून दोन मीटरच्या आत शिरणाऱ्याने धातूच्या वस्तू ट्रेमध्ये काढून ठेवायच्या. त्यामुळे रोज सकाळी इमारतीतले कर्ते पुरुष एका हाताने पँट सावरत कामावर निघायचे. तक्रार कोणी केली नाही. उलट दोघांनी विचारलं, आमच्या गाड्यांनाही हे लागू होईल का.

“रविवारी मला मैदानावर सोडाल?” भिंगरीने आता स्वतःचा प्रश्न विचारला.

“सोडू की,” बाबा म्हणाले. “अर्ज कर.”

अर्ज दोन पानी होता. ‘प्रवासाचं कारण’ इथे तिने ‘निवड चाचणी’ लिहिलं. ‘हे कारण गाडीविना पूर्ण होण्यासारखं आहे काय?’ इथे ‘नाही’. ‘रस्त्यावर धूळ आहे काय? असल्यास किती?’ इथे बराच वेळ पेन चावून तिने लिहिलं, ‘रस्ता आहे. अंदाज घ्यावा.’

शुक्रवारी संध्याकाळी सेक्रेटरी निर्णय घेऊन आले आणि उभ्यानेच वाचायला लागले.

“उपसमितीने अर्जाचा सहानुभूतीने विचार केला असून गाडी मैदानावर नेण्यास मंजुरी देण्यात येत आहे.”

भिंगरीने जागच्या जागी उडी मारली.

“तथापि, खडी उडण्याची शक्यता पाहता गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार नाही. ती बंदिस्त ट्रकमध्ये चढवून न्यावी. ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशेजारी नोंदवहीसह वडील व भिंगासह आई बसतील.”

“आणि मी? गाडीत?”

“दारं उघडायला मनाई आहे ना, बाळ.”

“मग केबिनमध्ये, आईच्या मांडीवर बसते.”

“मांडीवर भिंग आहे,” आई म्हणाली.

“म्हणजे गाडी चाचणीला जाणार, तुम्ही दोघं जाणार आणि मी घरी बसणार.”

“असं कुठे लिहिलंय,” सेक्रेटरी दुखावल्या स्वरात म्हणाले. “अर्जदाराने स्वतःच्या सोयीने पोचावे, असं लिहिलंय.”

भिंगरी मटकन खुर्चीत बसली. त्याच दुपारी सरावात तिसऱ्या अडथळ्याला पाय अडकून ती पडली होती. आईची नजर तिच्या गुडघ्यावर गेली, आणि सवयीने हात भिंगाकडे.

“चार सेंटिमीटर,” आई म्हणाली. “तिरका. बाजूला एक जुनाही आहे.”

बाबांनी नोंदवही उघडली. “हा कधीचा?”

“बाबा, हा माझा गुडघा आहे.”

“तेच म्हणतोय. तळहाताच्या फोडासारखं जपलं तुला, आणि काय करून घेतलंस हे? अगदी नवी होतीस गं.” त्यांनी नोंदवही मिटली. “रविवारी नाहीच गेलीस तर? मैदानावर काय कमी खडी असते?”

“मीही तेच सुचवणार होतो,” सेक्रेटरी म्हणाले. “प्रवासाचं कारणच उरलं नाही, तर अर्ज आपोआप निकाली निघतो. सगळ्यांचीच सोय.”

आईनेही मान हलवली. तिघंही तिच्याकडे इतक्या मायेने बघत होते की भिंगरीला क्षणभर वाटलं, आता हे आपल्यावरही सांगाडा उभारतील.

वाचणाऱ्याला इथे बाबांचं हसू येत असेल. जरूर हसावं. फक्त हसताना हातातल्या रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी वाजणार नाही, आणि पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्या, ज्यांना लायक पाहुणा वीस वर्षांत उगवलेला नाही, त्या हादरणार नाहीत, एवढी काळजी घ्यावी.

भिंगरी उठली. तिने अर्जाची दोन्ही पानं सेक्रेटरींच्या हातात ठेवली आणि आईबाबांसमोर उभी राहिली.

“मी ठरवलंय. खेळाच्या बाईंच्या जीपने जाणार. तिचा एकही दरवाजा मूळ रंगाचा नाही, पोचे तर मोजायची सोय नाही, पण ती आजवर जिथे निघाली तिथे पोचली आहे. मागे अडथळ्यांच्या ढिगाऱ्यात बसावं लागेल, असं बाई म्हणाल्यात. मी हो सांगून येते. रविवारी साडेपाचला निघणार, धावणार, बहुतेक पडणारही. तुम्हाला यायचं असेल तर ढिगाऱ्यात अजून दोघांची जागा होईल. नाही आलात तरी एक करा. मी दारात आल्यावर आधी गुडघे बघू नका. किती सेकंदांत धावलीस, ते विचारा.”