लांब धाग्याचा माल

चहाचा कप हातात दिला की आमचे शेजारी नत्थूजी आधी वरची साय दोन बोटांत धरून ताणत आणि निकाल देत, "धागा आखूड हाय, सूनबाई." माझी बायको अशी चिडायची! पण माणूस तीस वर्षं पांढरकवड्याच्या बाजारात कापसाचा ग्रेडर. गाडीत हात घालायचा, चिमूटभर कापूस ओढायचा, अंगठ्यांत धागा ताणायचा आणि लांब निघाला तर माल पास, आखूड तर नापास, ते सांगायचं. माणूस रिटायर झाला, अंगठे थोडेच होतात!

त्यांची बायको गेलेली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी ते ओट्यावर बसत आणि खिशातून कापसाचा पुंजका काढून गल्लीतल्या लेकरांना विचारत, "पाह्य बरं, काय दिसून राह्यलं?" ससा म्हणा, आजीचा अंबाडा म्हणा, लगेच "फर्स्ट ग्रेड!" कोणी 'कापूस' म्हटलं तर मात्र, "कापूस तं मलेबी दिसते बाप्पा. पुन्हा पाह्य. घाई नाही, गाडी उभी हाय."

माझी मिनू चार वर्षांची. नत्थूजींच्या मते सगळ्यात लांब धाग्याचा माल. तिला एका पुंजक्यात झोपलेली बकरी, बकरीचं स्वप्न आणि स्वप्नातला हिरवा पाला, सगळं दिसायचं.

आणि इकडे माझा जीव टांगणीला! माझं झेरॉक्सचं दुकान. ती वर्षं कापसाची फार वाईट होती. बोंडात अळी, मालाला भाव नाही. जो तो लेकराचा जन्मदाखला घेऊन दुकानात यायचा, "दोन कॉप्या काढ गा, पोराले इंग्लिशमध्ये टाकून राह्यलो. आपलं झालं ते झालं." दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे अर्ज काढायचे, आणि घरी यावं तर आपली पोरगी बकरीचं स्वप्न सांगते! मी तक्ते आणले, भिंती भरल्या, जेवतानाही तिच्याकडून एबीसीडी म्हणवून घेतली.

इंग्लिश शाळेच्या प्रवेशाच्या मुलाखतीत मॅडमनी फुटलेल्या पांढऱ्या बोंडाचं चित्र दाखवलं. "व्हॉट इज धिस?"

मिनूनं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बकरी. उठली आता."

झालं! यादीत नाव नाही. मी तडक नत्थूजींच्या ओट्यावर गेलो आणि भर गल्लीत ओरडलो, "तुमच्यामुळं झालं हे! पोरीला साधं कापूस म्हणता येत नाही!"

त्यांनी हातातला पुंजका खिशात ठेवला. "चुकलं माह्यं," एवढंच बोलले.

दोन दिवसांनी शाळेचा निरोप आला, मुलगी पुन्हा आणा. कसं काय, ते मला फार नंतर शिपायाकडून कळलं. नत्थूजी इस्त्रीचा सदरा घालून मॅडमपुढं उभे राहिले होते. "मॅडम, माल एक नंबर हाय. घोळ ग्रेडरनं केला. एक डाव अजून पाहा." आणि त्याच संध्याकाळपासून ते मिनूला शिकवत बसले, "कॉटन म्हण, बेटा. नुसतं कॉटन."

मिनू पास झाली. मी गल्लीत पेढे वाटले.

त्यानंतर नत्थूजींच्या खिशातून पुंजका निघाला नाही. मिनू ढग पाहून 'क्लाउड' म्हणायची, चंद्र पाहून 'मून', आणि गप्प व्हायची. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटायला लागली. घरात कोणीतरी बोलायचं थांबलंय असं वाटायचं.

एका रविवारी गादीतून थोडा कापूस ओढला आणि मिनूला घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. "सांग गं, काय दिसते?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. हळूच विचारलं, "बाबा, खरं सांगू, की शाळेतलं सांगू?"

मी पुंजका तिच्या हातात ठेवला. "खरं सांग."

तिनं पुंजका डोळ्यांजवळ नेला. "हे नत्थूआबा हायेत. ओट्यावर बसले. वाट पाहून राह्यले."

"कोणाची?"

"आमची."

नत्थूजींनी पुंजका हातात घेतला, दोन्ही अंगठ्यांत धरला. पण ताणला नाही, आणि ग्रेड सांगायचीही त्यांना आठवण राहिली नाही.