झेड नामे कोठाराची वाट मोकळी जाहली त्याची बखर

श्रीगणेश प्रसन्न, वीजमाता प्रसन्न, आणि हे लिहून होईतो बॅटरीने तग धरावा. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमी, मंगळवार, ते दिवशी इस्पितळाचे राज्यात जे वर्तले ते नोंदणीचे खिडकीतून पाहिले तैसे लिहितो. पदरचे काही घातले नाही. थोडे घातले असेल तर ते कौतुकापोटी.

आदले दिवशी राज्यात नवा सर्व्हर गादीवर बसला. हार घातला, कुंकू लाविले, लिंबू-मिरची टांगिली, आणि संगणक विभागाचे मुख्य गजाननराव उपळेकर यांणी स्कॅनची छायाचित्रे ठेविलेला दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर आपल्या नावे सर्व्हरास जोडोन त्यास 'झेड' हे अक्षर दिले, आणि मग पेढे वाटिले. त्या कोठारात छायाचित्रे तीन लाख, परंतु वरती माणसांची नावे नाहीत, नुसते लांबलचक आकडे. कोणता आकडा कोणाचा हे सर्व्हरातील स्क्रिप्टासच ठाऊक. डॉक्टरांनी पडद्यावर नाव लिहावे आणि स्क्रिप्टाने कोठारात जाऊन नेमके चित्र आणावे, ऐसा शिरस्ता.

मंगळवारी सकाळी सोनबा हजारे नामे गवंडी परांचीवरून पडले, त्यांस आणिले, आणि नव्या स्कॅनात मानेच्या हाडास भेग दिसली. डॉक्टर वसुधाबाई आजगावकर बोलिल्या, "भेग आजची असेल तर दुपारी ऑपरेशन. जुनी असेल तर हात लावायचा नाही. तीन वर्षांपूर्वी यांचा स्कॅन इथंच झालाय, तो काढा." नाव लिहिले, आणि उत्तर आले की फोल्डर सापडत नाही. सोनबा मानेला पट्टा बांधोन पडले होते, ते बोलिले, "बाई, मान उघडली आन् हात लुळा पडला, तर थापी कशी धरू?" बाई खोटे बोलिल्या नाहीत. "धोका आहे, सोनबा. बारापर्यंत थांबते."

मग गजाननराव सर्व्हरापाशी बसले, आपल्या नावे आत गेले, झेड उघडिला आणि गरजले, "हे काय, उघडतंय की! मला तर सगळं दिसतंय!" डॉक्टरांच्या पडद्यावर मात्र काही दिसेना. सर्व्हर बंद करोन चालू केला, एकदा नव्हे, तीनदा, आणि दर वेळी आपल्याच नावे आत जाऊन "मला दिसतंय" हेच बोलिले. आम्हीही "काल चालत होतं" ऐसे म्हणोन सर्वांचे डोके खाल्ले. साडेअकरा जाहले आणि सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा त्याच विभागातील मुमताजबी शिकलगार, सहा वर्षे हाताखाली काम केलेल्या, आवाज कधी न चढविणाऱ्या, त्या पुढे जाहल्या आणि पुसिले, "साहेब, तुम्ही कोण म्हणून आत जाता?"

"कोण म्हणून म्हणजे? मी म्हणजे मी!"

"आणि स्क्रिप्ट कोण म्हणून जाते?"

गजाननराव खुर्चीवरून उठले आणि मुमताजबींस तेथे बसविले. स्क्रिप्ट चाले सर्व्हरच्या सेवकखात्याच्या नावे, म्हणजे माणसावाचून चालणाऱ्या कामांस दिलेल्या वेगळ्या नावे, आणि झेड हे अक्षर तर एकट्या गजाननरावांचे. त्या बापड्या सेवकास ते दिसतच नव्हते! मुमताजबींनी त्या सेवकाच्या नावे जाऊन पाहिले, आणि खरेच, कोठारच नाही. गजाननराव घाईने बोलिले, "फोल्डर सगळ्यांना खुला करून टाका, दोन मिनिटांचं काम!" मुमताजबी बोलिल्या, "नाही साहेब. लोकांच्या दुखण्याची चित्रं आहेत, चव्हाट्यावर मांडायची नाहीत." काय ती छाती! घड्याळ डोक्यावर आणि मुख्य समोर, तरी बाई हटल्या नाहीत. त्यांणी कोठाराचे यंत्रावर त्या एकाच सेवकास नुसते पाहण्याची मुभा दिली, आणि स्क्रिप्टात झेड खोडोन फोल्डराचा पुरता पत्ता लिहिला, आणि सेवा पुन्हा चालू केली.

बारास आठ मिनिटे असता तीन वर्षांमागील मान पडद्यावर उमटली. भेग तीच, जागा तीच. वसुधाबाईंनी दोन्ही चित्रे दोनदा ताडून पाहिली आणि बोलिल्या, "जुनीच आहे! सोनबा, ऑपरेशन नाही." सोनबा घळघळा रडले, आणि खोटे कशास लिहू, आम्हीही रडलो. गजाननराव सर्वांसमक्ष बोलिले, "मुमताजबाई, सकाळपासून मी माझंच दार उघडून बघत होतो." ऐसे कबूल करावयास मोठे मन लागते, तेही लिहून ठेविले पाहिजे.

एकूण चित्र एक, खटपट साडेतीन तास, आणि मान शाबूत. चौथे दिवशी सोनबा आमच्या खिडकीशी आपल्या पायी आले, आणि घरी जाण्याच्या कागदावर उजव्या हाताने सही केली. सही ठळक आली. इतके वर्तले, इतके लिहिले.