दोन्ही बाजूंनी लॉक

"हब दुरुस्त करणं म्हणजे काय रॉकेट उडवायचंय? असे पक्के करतो की एक वेळ चाक निखळेल, पण हब हलणार नाहीत!"

शनिवारी सकाळी सकाळी पक्कडरावांनी बायकोसमोर ही गर्जना केली. पक्कडराव हे त्यांचं सासरचं नाव, अर्थात पाठीमागे घ्यायचं. एकदा हातात धरलेलं काम ते सोडत नसत आणि सोडलं की ते काम कामाचं राहत नसे!

ट्रक सासऱ्यांचा. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढा हब. त्यावरची खुंटी 'लॉक'कडे फिरवली की चारही चाकं जोर लावणार, 'फ्री'कडे फिरवली की पुढची दोन नुसती फिरणार. गेल्या महिन्यात पक्कडरावांनी चिखलात अशी काही रेस दिली की हबचे बोल्टच तुटले. सासरे म्हणाले होते, "शनिवारी चार वाजता येतो. हब झाले तर ट्रक तुमचा, नाहीतर थोरल्या जावयांचा." थोरले जावई म्हणजे साडू. पाना वापरून झाला की पुसून जागेवर ठेवणारा माणूस! पक्कडरावांना तो ट्रक मनापासून हवा होता.

आणि आश्चर्य म्हणजे, काम जमलं! जुने बोल्ट काढून बिनडोक्याचे पोलादी स्टड बसवले, वर जाड पिना ठोकल्या, आत नवं ग्रीस भरलं. पावणेचार वाजता इंजिन सुरू करून ते खाली उतरले. कोपरापर्यंत ग्रीस. मोरीकडे धावता धावता ओरडले, "अगं, दोन्ही बाजूंनी लॉक कर गं!"

अर्धवट धुतलेल्या हातांनी परत आले तर बायको दारात समाधानाने उभी.

"केलं. दोन्ही दारं."

"दारं? अगं, हब लॉक करायचे होते! चावी कुठंय?"

"आतच. इंजिन चालू आहे ना! आणि अहो, चाकाला कधी कोणी कुलूप लावतं का?"

पक्कडरावांनी दोन्ही दारं ओढून पाहिली. दुसरी चावी साडूंकडे! तार घालून झाली, पट्टी घालून झाली, हात जोडूनही झाले. आत इंजिन मजेत गुरगुरत होतं. आपलं नशीबच फुटकं, असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. कपाळालाही ग्रीस लागलं.

चारच्या ठोक्याला सासरे आले. बरोबर साडू. बंद काचेतून आत लटकणारी चावी दोघांनी पाहिली. साडूंनी खिशातून दुसरी चावी काढली, दार उघडलं, हब लॉक केले आणि समोरच्या चिखलात घालून ट्रक लोण्यातून सुरी जावी तसा बाहेर काढला.

"वा! हब फक्कड झालेत," सासरे म्हणाले. पक्कडरावांच्या जिवात जीव आला.

"पण ट्रक थोरल्यांकडेच जाऊ दे."

"आणि हब पुन्हा बिघडले तर?" साडूंनी विचारलं.

"मग हे आहेत ना! जावईबापूंना बोलावून घ्यायचं," सासरे प्रेमाने म्हणाले. "फक्त चावी यांच्या हातात द्यायची नाही."