थेट अंतिम फेरीची फत्ते

खावंदांचा हुकूम जाहला की, पाणीपुरवठा कचेरीत वार्षिक वादविवादाचे जे रण माजले त्याचा करीना पदरचे न घालता लिहून ठेवावा. त्याजवरून लिहिले ते येणेप्रमाणे.

कचेरीत एक कनिष्ठ अभियंता बाई राखीव जागेवर नव्याने रुजू जाहल्या होत्या. नोकरी अद्याप कच्ची, आणि ती पक्की करण्याची सही अधीक्षकसाहेबांच्या हाती. ऐशा समयी साहेबांच्या मर्जीस आले की, यंदाचा विषय ‘राखीव जागा न्याय्य आहेत काय’ हा असावा, आणि विरोधात आपण स्वतः बोलावे. कचेरीचा दस्तूर ऐसा की, साहेबांस फुरसत नसते, सबब साहेबांचा संघ थेट अंतिम फेरीत उतरतो. दस्तूर इतका जुना की त्यात कोणास काही वावगे दिसत नसे.

मग बाईंनी हिशेबखात्याची फौज मोडली, आणि भांडारखाते लोळविले, आणि पंपघराचे नामजाद वक्ते चहाच्या बहाण्याने मैदान सोडते जाहले, आणि बाई अंतिम फेरीत दाखल जाहल्या. तेव्हा साहेबांचे कारभारी बडेबाबू यांनी बाईंच्या टेबलाशी येऊन मसलत दिली की, विजेत्याची ढाल साहेबांच्या कपाटातच शोभते, बाईंनी नोकरीकडे पाहावे. घरी मातोश्रींचे फर्मानही तेच.

“बाई गं, यंदा हर. नोकरी पक्की झाली की मग हवी तेवढी जीभ चालव.”

बाईंनी रुकार दिला, आणि पडते भाषण मुखोद्गत केले.

रणदिवशी उपाहारगृहातील मेजे भिंतीस लाविली, खुर्च्या मांडिल्या, आणि साहेब उभे राहिले. सर्वांनी एकाच रेषेवरून धावावे, हाच इन्साफ, ऐसे फर्माविले. बडेबाबूंनी वाक्य पुरे होण्याआधीच टाळ्या पिटिल्या. मग साहेब बाईंकडे पाहून कृपावंत हसले.

“रांग चुकवून पुढे आलेल्या माणसाला रात्री झोप तरी कशी लागते, हे मला कळत नाही.”

बाई उठल्या, आणि पाठ केलेले भाषण जागीच राहिले.

“साहेब, उपांत्य फेरीत तुम्ही कोणाला हरवलंत?”

साहेबांनी पाणी मागविले, आणि पाणीपुरवठा कचेरीतच ते येण्यास विलंब जाहला. तितक्यात मागून पंपघराचा एक शिलेदार नम्रपणे वदला, “सांगा की साहेब. आम्हालाही कळू दे.” मग जो हशा उसळला तो बडेबाबूंनाही आवरेना.

परीक्षक साहेबांच्याच हाताखालील, सबब निःपक्षपाती. त्यांनी एकमुखाने ढाल साहेबांस बहाल केली. परंतु जिन्यात, गच्चीवर, पंपघरात जो तो उपांत्य फेरीची चौकशी करू लागला, आणि आता सही अडविली तर सर्व मुलूख कारण ताडेल हे साहेबांनी जाणिले. मग आपल्या मनात काही किल्मिष नाही हे दाखविण्यास्तव त्यांनी बाईंची नोकरी तत्काळ पक्की केली, आणि शेरा मारिला की, उमेदवारास प्रश्न विचारण्याची सवय आहे, ती सुधारावी.

पुढे सर्वांनी पहिल्या फेरीपासून बोलावे ऐसा अर्ज गुदरला. त्यावर साहेबांनी स्पर्धाच कायमची रद्द करून संपूर्ण समता स्थापिली. येणेप्रमाणे गुणवत्तेची फत्ते जाहली.