डावा हात पुढे करा, तंबी

बँकेच्या मद्रास शाखेत बदली होऊन पंधरा दिवस झाले नव्हते, तोच मी एका अनोळखी बाईंच्या हुकमावरून, डाव्या हातानं, एका फळीवर ताणून बसवलेल्या सदऱ्याची बटणं लावत बसलो होतो. सदरा माझा नव्हता, फळी माझी नव्हती आणि बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं. समोर मांडी ठोकून बसलेल्या त्या बाई माझ्या बोटांवरची नजर हलवत नव्हत्या. चौथ्या बटणाला मला घाम फुटला. पाचवं काजात गेलंच नाही. बाई मात्र एकदम खूश झाल्या. "रंब छान!" म्हणाल्या, फळी पिशवीत कोंबली आणि जिना उतरून चालत्या झाल्या. 'रंब' म्हणजे तमिळमध्ये 'फार' हे मला नंतर कळलं. पण फार छान नक्की काय झालं होतं, ते काही कळलं नाही.

या अंबाक्का. तिरुवल्लिक्केणीच्या देवळामागच्या गल्लीत राहायच्या. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमागच्या ओसरीवर त्यांचा बालवर्ग भरायचा. अंबाक्का अस्सल तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते तीनशे वर्षांपूर्वी, आणि मी उतरलो साताऱ्याहून गेल्या महिन्यात, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. त्यामुळे माझ्या मराठीकडे त्या जरा कीव आल्यासारखं बघत. "तुमची मराठी कालपरवाची की, तंबी," असं एकदा तोंडावर म्हणाल्या. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या नात्याचा त्यांनी पुढं भरपूर फायदा घेतला.

त्यांचा नेम असा होता, की वर्गात नवा खेळ आणायचा तर तो आधी मोठ्या माणसावर करून पाहायचा. मोठं माणूस म्हणजे पुरुष, तोही नोकरदार. बायकांवर त्या कधी प्रयोग करत नसत. आणि खेळायचं ते डाव्या हातानंच. मी एकदा कुरकुरलो, तर म्हणाल्या, "लेकराचा उजवा हात म्हणजे तुमचा डावा हात, तंबी. उजव्यानं कराल तर तुम्हांस काय कळेल त्याचे कष्ट? डावा हात पुढे करा." डावा हात पुढे झाला.

आमच्या इमारतीत सगळे असेच बदलीवर आलेले, रेल्वेतले, तारखात्यातले, बँकेतले. जिन्यात अंबाक्कांच्या चपलांचा आवाज आला, की धडाधड दारं लागत. रेल्वेतले जोशी तर अंगावर चादर ओढून आजारी पडत. मी एकटा, नवखा आणि भिडस्त, म्हणून दर वेळी सापडत असे. डाव्या हातानं मी डबऱ्यातून, म्हणजे कॉफीच्या पसरट वाटीतून, उभ्या टंबलरमध्ये नाचणी ओतली आणि ती महिनाभर खोलीच्या कोपऱ्यांतून निघत राहिली. वडाच्या पानांच्या पत्रावळीतून सुतळी ओवली. गिंडीच्या कारखान्यातून कुणाकडून तरी मागून आणलेले नट बोल्टांवर चढवले. कापडी पिशवीत हात घालून, न बघता, चिंचोका कुठला आणि कवडी कुठली ते ओळखलं.

यात एक विचित्र गोष्ट होती. मला जमलं नाही, की अंबाक्का आनंदत आणि मला जमलं, की त्यांचा चेहरा पडे. एकदा त्यांनी लहानमोठ्या दहा काड्या पुढं टाकल्या आणि लांबीप्रमाणे लावायला सांगितलं. मी मिनिटभरात लावल्या. शाबासकीच्या अपेक्षेनं वर पाहिलं, तर बाई काड्या गोळा करत होत्या. "हा खेळ उपयोगाचा नाही," म्हणाल्या. "अहो, पण मला जमला की!" "म्हणूनच." मी दुखावलो. या बाईंना माझा फजितवाडा बघायची चटक लागली आहे, असं मी जोशींना चादरीवरूनच सांगितलं.

वर्गावर एकदा गेलो, तेव्हा तिथं एकही पाटी दिसली नाही. तीसेक पोरं होती, निम्मी तंजावरी घरांतली, निम्मी आमच्यासारख्या उपऱ्यांची. एका कोपऱ्यात करवंट्यांचं दुकान लागलं होतं आणि गिऱ्हाईक तमिळमध्ये घासाघीस करत होतं, दुकानदार मराठीत. दुसऱ्या कोपऱ्यात चार मुली चिमटीतून रांगोळीची पूड सोडून कोलमच्या ठिपक्यांना वळसे घालत होत्या. अंबाक्का कुणाला काही शिकवत नव्हत्या. त्या नुसत्या ठिकठिकाणी जाऊन बसत आणि अडलेल्या पोराला म्हणत, "अय्यो, मजही जमत नाही की रे हें. तूच दाखव." मग ते पोर त्यांना दाखवत बसे.

आईबापांना अर्थातच हे रुचत नव्हतं. तारखात्यातल्या कुलकर्ण्यांनी मंडळात तक्रार केली, "चार महिन्यांत आमची मंगल काय शिकली, तर न सांडता कॉफी खालीवर करायला. एवढ्यासाठी वर्ग कशाला? हॉटेलात ठेवली असती." सेक्रेटरी देवधरसाहेब सरकारी हिशेब खात्यातले. नियमाबाहेर शिंकसुद्धा येऊ न देणारे. त्यांनी ठरवलं, की मोठ्या शाळा प्रवेशाला अक्षरं विचारतात, आणि इथं अक्षरांचा पत्ता नाही, तेव्हा विजयादशमीपासून वर्ग बंद करावा की काय, याचा अहवाल मागवावा. अहवाल लिहायला माणूस निःपक्षपाती हवा. मी नवा, म्हणून निःपक्षपाती ठरलो.

खोटं कशाला बोला, मी दोन पानं लिहिली आणि शेवटी 'वर्ग बंद करण्यास हरकत नसावी' असं घातलं. काड्यांचा राग त्यात नव्हता, असं मी म्हणणार नाही. मुलांची नेमकी संख्या तेवढी विचारून भरायची राहिली होती. शनिवारी बँक अर्धी, म्हणून जेवून, जरा पडून, तिनाच्या सुमारास अहवाल खिशात घालून अंबाक्कांच्या घरी गेलो.

त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. कुणीच जात नसे. यजमान आजारी असतात, कुणाला भेटत नाहीत, एवढंच ऐकून होतो. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता.

"बँकेतले तंबी आहेत की, शिकलेसवरलेले. त्यांस चौथ्या बटणाला घाम आला म्हणून सांगते तुम्हांस. पांचवें लागलेंच नाही. तुमचीं तीन झालीं कीं आतांच!"

मी उंबऱ्यात थबकलो. आत एक वयस्कर गृहस्थ ताठ बसले होते. धुतलेलं धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, कपाळाला गंध. कचेरीत बसावं तसे. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. डाव्या हाताची बोटं त्या ओळखीच्या फळीवर, ओळखीच्या सदऱ्याच्या चौथ्या बटणाशी झटत होती. माझी चाहूल लागताच त्यांनी घाईघाईनं उपरणं उजव्या हातावर ओढलं.

अंबाक्का क्षणभर गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग एकदम मोठ्या आवाजात म्हणाल्या, "या की, तंबी. हे आमचे व्यंकटराव. वर्गाचे परीक्षक. यांनी होय म्हटल्यावांचून एक जिन्नस वर्गांत जात नाही."

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, वरच्या साहेबानं हाताखालच्या माणसाला हलवावी तेवढीच. मग पुन्हा बटणाकडे वळले.

बाहेर पायरीवर अंबाक्कांनी मला सगळं सांगितलं. व्यंकटराव जॉर्ज टाउनमधल्या एका छापखान्यात तीस वर्षं खिळे जुळवत होते. तमिळ, इंग्रजी, मराठी, तिन्ही भाषांचे. बोटं अशी चालत, की लोक बघत उभे राहत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा पुष्कळशी गेली. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला काम द्या. तर त्यांनी काहीही हातात धरायला नकार दिला. अंबाक्कांनी मणी ओवायला दिले, ते भिरकावले. मी काय लेकरू आहे का, एवढं एकच वाक्य धडपणे उच्चारलं आणि भिंतीकडे तोंड करून निजले, ते सहा महिने.

"मग मी मंडळांत जाऊन वर्ग मागितला," अंबाक्का म्हणाल्या. "यांस म्हटलें, लेकरांचें सामान आहे, कुणी मोठ्यानं तपासून द्यायला हवें. ती नोकरी म्हणून बसतात. रोज तीन ते पांच. तुमच्यासारख्यांस जमलें नाही म्हटलें, कीं त्यांस उमेद येते. तुम्हांस जमलें, तर तो खेळ मी घरीं आणीत नाही." पुढं म्हणाल्या, "वर्ग यांच्यासाठीं मागितला, तंबी, हें खरें. पण पोरांनी मज धरून ठेविलें, हेंही खरें. वर्ग बंद होणार म्हणून कानावर आलें आहे. तो बंद झाला, तर हे उद्यां काय म्हणून बसतील तिथें? नुसतें आजारी माणूस, लेकरांचीं खेळणीं घेऊन."

मुलांची संख्या न विचारताच मी परत आलो. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. दोन पानं फाडली आणि नवी लिहायला बसलो.

मंडळाच्या सभेला मी अंबाक्कांकडून बटणांची फळी मागून घेऊन गेलो. व्यंकटरावांच्या हाताबद्दल काहीच बोललो नाही, ते सांगायचा हक्क माझा नव्हता. नुसती फळी देवधरसाहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "डावा हात पुढे करा, साहेब."

"हा काय पोरखेळ आहे?"

"पोरखेळच आहे, साहेब."

देवधरसाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या बटणाला ते अडले. कुलकर्णी हसले, तर साहेबांनी फळी त्यांच्याकडे सरकवली. कुलकर्ण्यांचं पहिलंच बटण लागेना. मग मात्र ती फळी सभाभर फिरली. सात सभासद अर्धा तास माना खाली घालून बसले आणि कार्यक्रमपत्रिकेवरचा दुसरा विषय तसाच राहिला. शेवटी मी अंबाक्कांचं म्हणणं माझं म्हणून मांडलं, की पाच वर्षांच्या मुलाचा उजवा हात हा असा असतो, त्यात पेन्सिल देण्याआधी बोटं तयार करावी लागतात, आणि ओसरीवर तेच चाललेलं असतं.

देवधरसाहेबांनी माझा अहवाल शेवटपर्यंत वाचला. "वर्ग चालू राहील," म्हणाले. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "साहित्य परीक्षक म्हणून व्यंकटराव यांची मानद नेमणूक करावी. हे कोण?"

"अंबाक्कांचे यजमान."

"काम करतात?"

"रोज तीन ते पाच. रविवारीसुद्धा."

"मग आजवर पत्र कसं दिलं नाही?" साहेब माझ्यावरच उखडले. "टाइप करा. आणि स्वीकृतीची सही घेऊन या. सहीशिवाय नेमणूक नाही. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी मी पत्र घेऊन गेलो. व्यंकटरावांनी ते डाव्या हातात धरून वाचलं, डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचलं. मी सहीची जागा दाखवली आणि घाईनं म्हणालो, "नुसती रेघ ओढली तरी चालेल." अंबाक्कांनी माझ्याकडे अशा काही डोळ्यांनी पाहिलं, की मी सहीच्या जागेवरचं बोट मागं घेतलं.

त्यांनी टाक मागितला. झटका आल्यापासून त्यांनी नाव लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर उमटायला मला वाटतं पाच मिनिटं लागली. टाक घसरे, कागद सरके. कागद धरायला मी हात पुढं केला, तर अंबाक्कांनी माझं मनगट पकडलं. त्या स्वतःही जागच्या हलल्या नाहीत. सगळं नाव पुरं व्हायला अर्धा तास गेला. वाकडंतिकडं, ओळ सोडून गेलेलं, पण पुरं.

"आतां साक्षीदार म्हणून तुम्ही करा, तंबी," अंबाक्का म्हणाल्या. कोणत्या हातानं, ते सांगायची गरज पडली नाही.

मी डाव्या हातात टाक धरला. मुद्दाम वाईट करायची, असं मनात होतं. तसं काही करावं लागलं नाही. मन लावून केली तरी माझी सही अर्ध्यावर अडली, शाईचा डाग पडला आणि आडनाव कागदाबाहेर निघालं. व्यंकटराव वाकले. आपली सही पाहिली, माझी पाहिली, पुन्हा आपली पाहिली. आणि मग त्यांच्या तोंडाच्या एका बाजूनं घोगरं हसू फुटलं. खांदे गदगदायला लागले तरी ते थांबेना.

अंबाक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दोन वर्षांत ते हसू या घरात ऐकू आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग नवऱ्यावर डोळे वटारून त्या दरडावल्या,

"हंसतां काय असे? बँकेत आहेत ते!"